फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे निदान कराल त्या दिवशी रुग्णाला एक तास द्या : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
गोव्याचे आरोग्य खाते, तसेच छातीविकाराचे डॉक्टर, आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी आणि फिजिओथेरपिस्ट यांस

सा. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मला ब्रॉन्किएक्टॅसिस हा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, आणि त्यावर एनटीएम (नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) या जंतूंचा संसर्ग झालेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात कळल्या. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. असे निदान ज्या दिवशी होते त्या दिवशी, फार तर त्याच आठवड्यात, रुग्णाला एक तास द्या. डॉक्टरांना जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टने द्यावा, शिकवून तयार केलेल्या परिचारिकेने द्यावा. पण तो अखंड तास असावा, रुग्णाला बसायला खुर्ची असावी आणि शेजारी घरचे एक माणूस असावे.

हे पत्र डॉक्टरांखेरीज इतरही वाचतील, म्हणून आजाराबद्दल थोडे सांगते. आपल्या श्वासनळ्यांच्या आत अगदी बारीक केसांसारखी लव असते, ती कफ सतत वर ढकलत राहते. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये नळ्या कायमच्या रुंद आणि सैल होतात, ही लव निकामी होते, कफ खालीच साचून राहतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेने नळी आणखी बिघडते आणि कफ आणखी साचतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. स्टेथोस्कोप शोधून काढणाऱ्या लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ सालीच या आजाराचे वर्णन करून ठेवले आहे. साध्या एक्स-रेत तो बरेचदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षे 'दमा', 'ॲलर्जी', 'धुळीचा खोकला' अशा नावांवर औषधे घेत राहतात. माझ्या बाबतीत लहानपणीचा डांग्या खोकला हे मूळ असावे, असा डॉक्टरांचा अंदाज आहे.

आपल्या देशात मात्र या आजाराचे सर्वांत मोठे कारण वेगळे आहे. भारतातल्या ३१ केंद्रांतील २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ३५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना आधी क्षय होऊन गेलेला होता. म्हणजे क्षयाचा कोर्स पूर्ण करून 'बरा झाला' म्हणून घरी गेलेल्या माणसांतूनच आमची संख्या वाढते आहे. क्षय कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाची पुन्हा पाहणी करायची असते. त्या पाहणीत 'रोज सकाळी बेडका पडतो का, किती पडतो, रंग कसा असतो' एवढे तीन प्रश्न विचारले तरी किती तरी जण लवकर सापडतील. यासाठी नवी योजना लागत नाही आणि नवा पैसाही लागत नाही.

आता त्या तासाकडे येते.

मला निदान सांगितले गेले तेव्हा ओपीडीत पुढचा रुग्ण माझ्या खांद्याशी उभा होता. डॉक्टर भले होते. बाहेर साठ-सत्तर माणसे ताटकळत असताना कोण किती बोलणार? 'हे कायमचे आहे, पण घाबरू नका' एवढे ते म्हणाले आणि कागदावर औषधे लिहून दिली. घरी येताना कदंब बसमध्ये माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, 'कायमचे'. त्या रात्री मोबाईलवर जे जे सापडले ते मी वाचले, आणि त्यातले निम्मे वाचायला नको होते. माझे किती दिवस उरले, हे लिहिलेले सापडले. आज सकाळी काय करायचे, ते कुठेच लिहिलेले नव्हते. नव्या रुग्णाची झोप जाते ती इथे. आजाराचे नाव कळते, पण आपल्या हातात काही आहे का हे कळत नाही.

आणि आमच्या हातात पुष्कळ आहे! या आजारात गोळ्यांइतकेच, कधी कधी गोळ्यांहून जास्त, महत्त्व छाती रोज साफ करण्याला आहे. जी लव आता कफ ढकलत नाही, तिचे काम आपण स्वतः करायचे. ते कसे करायचे हे मला खूप महिन्यांनी, दुसऱ्याच इस्पितळात, एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवले. तोवर मी काय करत होते? कुणी तरी दिलेल्या तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या खेळण्यात श्वास ओढत होते. ते उपकरण शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घ्यायच्या सरावासाठी असते. त्याने कफ सुटत नाही, हे मला तिने सांगितले.

तिने शिकवलेले मी इथे लिहिते, म्हणजे तासाभरात किती देता येते ते खात्याला दिसेल. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. मग नेब्युलायझरमधून ३ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी घ्यायचे, त्याने कफ पातळ होतो. काहींना ते छातीत आवळते, म्हणून पहिला डोस इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली. त्यानंतर ताठ बसून, खांदे सैल सोडून थोडा वेळ नेहमीचा शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत धरून तीन सेकंद थांबायचे, म्हणजे हवा कफाच्या मागे जाऊन बसते. मग पुन्हा शांत श्वास. आणि मग 'हफ': आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडे ठेवून, घसा न आवळता, पोटातून जोरात सोडलेला श्वास. एक लांब, एक आखूड. कफ वर आला की मगच खोकायचे. हे सगळे चक्र पुन्हा पुन्हा, साधारण वीस मिनिटे. माझ्या उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागात जास्त कफ साचतो, म्हणून त्यातला थोडा वेळ मी डाव्या कुशीवर, किंचित मागे रेलून काढते. तोंडात धरून फुंकायचे, आत थरथर निर्माण करणारे छोटे यंत्रही मिळते, ते बऱ्याच जणांना उपयोगी पडते.

पहिल्या दिवशी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'आजी, खोकू नका, हफ करा.' मी केला. हाताला कंप लागला तसे तिने विचारले, 'कळले का, कुठे अडकलाय?' मला कळले. इतकी वर्षे छातीत कुठे तरी काही तरी आहे असे वाटत होते, ते नेमके कुठे आहे हे त्या क्षणी कळले. त्यानंतर भीती अर्ध्याहून कमी झाली. म्हणून मी एक तास मागते. कुणी येऊन माझी समजूत काढावी यासाठी नाही, त्या मुलीने दाखवले ते प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात दिसावे यासाठी.

त्याच तासात उपकरणांची निगा सांगायला हवी. नेब्युलायझरचा कप रोज साबणाने धुवायचा, उकळायचा आणि पूर्ण सुकवायचा, हे पुस्तकात ठीक आहे. गोव्यात जुलैमध्ये काहीही पूर्ण सुकत नाही, हे पुस्तकाला ठाऊक नसते. भिंतींना बुरशी येते, कपाटातल्या साड्यांना वास येतो, तिथे ओलसर कप म्हणजे जंतूंना आयते घर. कप झटकून, स्वच्छ कपड्यावर उपडा टाकून पंख्याखाली ठेवायचा आणि शक्य असेल तर दोन संच आलटून पालटून वापरायचे, हे इथल्याच माणसाने सांगायला हवे. कपात नळाचे पाणी कधीही घालायचे नाही. आणि पावसात वीज जाते तेव्हा काय? बॅटरीवर चालणारा नेब्युलायझर गावातल्या प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा निदान श्वासाचा व्यायाम विजेशिवाय होतो, हे तरी माणसाला माहीत असावे.

आता संसर्गाबद्दल. इथे माझे म्हणणे जरा कडक आहे.

एनटीएम म्हणजे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद. ते मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपांत, शॉवरच्या जाळीत राहतात, आणि क्लोरीनला सहज दाद देत नाहीत. निरोगी फुप्फुसाला त्यांचा बहुधा त्रास होत नाही, आमच्यासारख्यांच्या फुप्फुसात ते ठाण मांडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात त्या थुंकीच्या काचेवर ते आणि क्षयाचे जंतू सारखेच दिसतात. माझ्या थुंकीची काच पॉझिटिव्ह आली, पण जेनएक्स्पर्ट या चाचणीत क्षयाचा जंतू मिळाला नाही. काच पॉझिटिव्ह आणि जेनएक्स्पर्ट निगेटिव्ह, अशी जोडी दिसली की एनटीएमचा संशय यायला हवा आणि थुंकी कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायला, जायला हवी. माझ्यावर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. कल्चरला नमुना उशिरा गेला, त्याचा अहवाल यायला आणखी आठवडे लागले, आणि तेव्हा कळले की हा 'मॅक' नावाचा एनटीएम आहे.

दरम्यान गावात बातमी पसरली होती. चवथीला मूळ घरी आम्ही सगळ्या जावा मिळून नेवऱ्या करतो. त्या वर्षी धाकट्या जावेचा फोन आला. आवाज अगदी मऊ होता, 'वहिनी, यंदा तुम्ही आराम करा, आम्ही बघतो सगळे.' तिचा राग मी धरला नाही, घरात लहान नातवंडे होती. पण एनटीएम साधारणपणे माणसाकडून माणसाला होत नाही, माझ्या ताटावाटीला, माझ्या हाताच्या नेवरीला घाबरायचे कारण नाही, हे आरोग्य केंद्रातल्या कुणी तरी घरच्यांना समोर बसवून सांगितले असते, तर ती चवथ तशी गेली नसती. मी म्हणते घरच्या माणसाला सोबत बसवा, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. मॅकवर अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि इथांब्युटॉल ही तीन औषधे एकत्र देतात, आणि थुंकीचे कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही पुढे १२ महिने चालू ठेवतात. यातले अझिथ्रोमायसिन हा मुख्य आधार. तेच एकटे, सोबतीच्या औषधांशिवाय लांबवर दिले तर जंतू त्याला सरावतात, आणि मग बरे होणे फार अवघड होऊन बसते. आमच्याकडे खोकला म्हटला की फार्मसीवाला काय देतो? तीन किंवा पाच दिवसांचे अझिथ्रोमायसिन. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या काही रुग्णांना हेच औषध महिनोन् महिने थोड्या मात्रेत देतात, त्याचा उपयोगही होतो; पण ते सुरू करण्याआधी थुंकीत एनटीएम नाही याची कल्चरने खात्री करून घ्यावी, असे मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. माझी आरोग्य खात्याला हात जोडून विनंती आहे की ही एक ओळ प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक खासगी दवाखान्यात पोहोचवा: जुनाट बेडका असलेल्या माणसाला प्रतिजैविक देण्याआधी थुंकीचा नमुना घ्या.

कफाचा रंग बदलला, प्रमाण वाढले, थकवा आला, तर तो नवा भडका असतो, आणि त्याला बहुधा १४ दिवसांचे औषध लागते. तीन दिवसांच्या गोळ्यांनी तो दबतो, जात नाही. थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर किती दिसल्यावर डॉक्टरांना फोन करायचा आणि किती पडल्यावर थेट १०८ बोलवायची, हेही रुग्णाला आधी सांगून ठेवा. मध्यरात्री बेसिनमध्ये लाल दिसते तेव्हा कुणाचे डोके चालत नाही.

औषधांची नजर ठेवणे हाही मोठा भाग आहे. इथांब्युटॉलने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, आधी लाल-हिरवा फरक कळेनासा होतो. म्हणून सुरुवातीलाच आणि नंतर नियमाने डोळे तपासायला हवेत. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, हे न सांगितल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका बाईंनी घाबरून गोळ्याच बंद केल्या. मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा जोरही रिफाम्पिसिन कमी करते. तोंडाची चव जाते, वजन उतरते, आणि वजन उतरलेल्या माणसाला हा संसर्ग जास्त पिडतो. दहाच्या पेजेबरोबर काय खावे, हे सांगायला आहारतज्ज्ञाची पंधरा मिनिटेसुद्धा पुरतात. शिवाय एनटीएम सापडलेल्या प्रत्येकाला लगेच औषध लागतेच असे नाही. काहींच्या बाबतीत लक्ष ठेवून थांबणे हाच योग्य निर्णय असतो. पण तो निर्णय म्हणून सांगा, नाही तर 'डॉक्टरांनी हात टेकले' असा अर्थ घरात निघतो.

आता पैशांचे. क्षयरोग्याची निक्षय या सरकारी क्षय-नोंदणी पोर्टलवर नोंद होते, औषधे फुकट मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. ते योग्यच आहे, त्यातला एक पैसाही कमी होऊ नये. पण कल्चरमध्ये एनटीएम निघाला की त्या माणसाचा क्षय कार्यक्रमातला हक्क संपतो, आजार मात्र अधिक लांबतो. क्षयाची औषधे एकत्रित गोळीत येतात, आम्हाला ती सुटी लागतात. सुटे इथांब्युटॉल फोंड्यात नाही मिळाले तर पणजी गाठावी लागते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत लहान कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे, पण त्याचा रोख इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. आमचा आजार घरी बसून सोसायचा, ओपीडीतून औषध न्यायचा. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आणि जिल्हा इस्पितळांच्या औषध काउंटरवर ही तीन औषधे सुटी ठेवली, ३ टक्के मिठाचे पाणी ठेवले आणि गरजूंना नेब्युलायझर दिला, तर बरीच माणसे उपचार अर्ध्यावर सोडणार नाहीत. सोबत फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस.

घरातल्या सवयींबद्दलही लोक विचारतात आणि उत्तर मिळत नाही. मी कुळागरात वाढलेली बाई. सुपारीच्या झाडांखालची माती हाताळू नका म्हणणे म्हणजे मला घराबाहेर काढण्यासारखे आहे. माती आधी भिजवून मग हात घालावा, मास्क लावावा, शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करावी, एवढे पाळून जगता येते, असे मला एका डॉक्टरांनी सांगितले, आणि ते मी पाळते. न्हाणीतले पाण्याचे भाण तापवायला माडाची चुडते आणि करवंट्या जाळणे मात्र बंद केले. त्या धुराने छाती अजून बिघडते, आणि गावच्या बायकांनी तो धूर जन्मभर घेतला आहे.

माझे आज काय चालले आहे, तेही सांगते, कारण नव्याने निदान झालेले कुणी तरी हे वाचत असेल. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी छाती साफ करते. कुळागराच्या पायऱ्या सावकाश चढते, मध्ये थांबते. देवळातल्या भजनाला जाते. पूर्वीसारखा लांब स्वर पुरत नाही, पण टाळ धरते, आणि धृपदाला आवाज लावते. गेल्या चवथीला नेवऱ्या करायला बसले होते, जाऊ शेजारी होती. माझे थुंकीचे कल्चर आता निगेटिव्ह आले आहे, गोळ्या अजून चालू आहेत. फुप्फुस पूर्वीसारखे होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

खात्याने मनावर घेतले तर सुरुवात लहान करता येईल. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात महिन्यातून एक ठरलेली दुपार फक्त जुनाट कफाच्या रुग्णांसाठी ठेवा. एक फिजिओथेरपिस्ट, एक परिचारिका, आणि रुग्णाच्या हातात द्यायला एक साधा छापील कागद, मराठीतून आणि कोकणीतून. १ जुलै हा जागतिक ब्रॉन्किएक्टॅसिस दिवस आहे; त्या दिवशी फलक लावून फोटो काढण्याऐवजी ही दुपार सुरू करा.

त्या कागदाचा मजकूर सोप्या भाषेत लिहून द्यायची माझी तयारी आहे. डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने तो तपासावा, हवे ते खोडावे. आणि त्या दुपारी नव्या रुग्णाशेजारी बसायला, हफ कसा करायचा ते त्याच्याबरोबर करून दाखवायला मी येईन. माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे ओळखीचे आहेत, तेही येतील असे म्हणाले आहेत. दिवस आणि वेळ तेवढी कळवा.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका